मजकुराचे पैसे वेगळे नाहीत

दुकानदार एका वेळी एकाच गल्ल्यावर बसू शकतो. त्याचा मजकूर मात्र एकाच वेळी पन्नास ठिकाणी बसलेला असतो: दारावरच्या पाटीत, बिलाच्या तळाशी, खोक्याच्या बाजूला, मोबाइलवर आलेल्या संदेशात आणि वॉरंटी कार्डाच्या पाठीवरच्या बारीक टायपात. मालक जिथे नसतो तिथे हा मजकूर त्याच्या वतीने बोलतो आणि गिऱ्हाईक त्यावरून मालकाची पत ठरवते. मालकाला याची सहसा कल्पना नसते. स्वतः दुकानात येताना तो इस्त्रीचा शर्ट घालतो, भांग पाडतो, गणपतीला उदबत्ती ओवाळून मगच शटर पूर्ण वर करतो; मजकूर मात्र बनियनवर बाहेर पाठवतो.

सगळ्याच धंद्यांना याचा फटका सारखा बसत नाही. वडापावच्या गाडीवर ‘वडापाव’ मधला ‘ड’ पाय मुडपून बसलेला असला, तरी खपात ढिम्म फरक पडत नाही. वड्याची परीक्षा अर्ध्या मिनिटात जिभेवर होते, आणि तळणाचा वास पाटीच्या आधी नाकाशी पोहोचलेला असतो. शिंप्याचे तसे नाही. तिथे निकाल आठवड्याने लागतो आणि तोवर कापड कापून झालेले असते. बिल्डरचा निकाल तीन वर्षांनी लागतो, असे बिल्डर म्हणतो. विम्याचा माल तर असा, की तो हातात पडताना ज्याने पैसे भरले तोच हजर नसण्याची शक्यता अधिक. मालाची परीक्षा जितकी लांबणीवर, तितका मजकुरावरचा भार जास्त, हा या विषयातला मुख्य नियम आहे. जिथे चाखता येत नाही तिथे माणूस वाचतो.

या नियमाला एकच भक्कम अपवाद आहे, तो डॉक्टरांचा. त्यांचे अक्षर जितके अगम्य तितका रोग्याचा विश्वास गाढ, असा लोकांचा समज पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे. शेवटी भारतीय वैद्यक परिषदेलाच २०१६ साली नियमांत दुरुस्ती करून सांगावे लागले, की औषधांची नावे वाचता येतील अशी, शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावीत. औषधविक्रेत्यांचे एक खास कौशल्य त्या दिवसापासून धोक्यात आले, पण अजून फारसे कुणी बेकार झालेले दिसत नाही.

मजकुराचा सगळ्यात दर्शनी प्रकार म्हणजे पाटी. महाराष्ट्रात ती आता मालकाच्या हौसेवर सोडलेली नाही. दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी माणसे कामाला असलेल्या दुकानांनाही मराठीत, देवनागरी लिपीतली पाटी लावणे बंधनकारक झाले. मराठी अक्षरे इतर भाषांच्या अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत, असेही त्यात आहे. शिवाय जिथे दारू मिळते त्या जागेला थोर व्यक्तींची किंवा गडकिल्ल्यांची नावे देता येणार नाहीत. काही व्यापाऱ्यांनी ही सक्ती न्यायालयापर्यंत नेली. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. दसरा-दिवाळी तोंडावर होती, त्यामुळे पाट्या रंगवणाऱ्यांचा आणि फ्लेक्सवाल्यांचा हंगाम त्या वर्षी खंडेनवमीला सुरू होऊन थेट तुळशीच्या लग्नापर्यंत पुरला असावा.

कायद्याला अक्षरांची उंची पट्टीने मोजता येते. पाटीवर ‘ऑल टाइप्स ऑफ लेडीज अँड किड्स वेअर’ असे भल्यामोठ्या देवनागरीत लिहिले, की पट्टी समाधानाने खिशात जाते. पूर्वी ही पाटी रोमन लिपीत होती तेव्हा समोरून जाणाऱ्या आजीबाईंना ती वाचता येत नव्हती. आता वाचता येते, कळत नाही.

जिथे खरोखरची मराठी लिहिली जाते तिथे चुका होतात, आणि त्या चुकांनाही एक शिस्त आहे. ज्या शब्दावर धंदा उभा असतो, चूक नेमकी त्याच शब्दावर जाऊन बसते. तुपाच्या दुकानात तूप चोख असते, पण पाटीवर ते ‘शुध्द’ असते. ‘द’ आणि ‘ध’ यांत आधी कोण यावर रंगाऱ्याचा आणि वैयाकरणांचा मतभेद असतो आणि शिडीवर रंगारी असतो. पंप, पंखे, मिक्सर सुधारून देणारा ‘दुरूस्ती’ करतो; म्हणजे दुरुस्तीच आधी दुरुस्त करावी लागते. कोचिंग क्लासच्या भिंतीवर ‘विध्यार्थी’ गुणवत्ता यादीत झळकतात. खाणावळीचा मालक ‘उपहारगृह’ असे लिहून बसतो. शब्दकोशाप्रमाणे उपहार म्हणजे भेट, त्यामुळे तिथे खाऊन बिल न देता उठणाऱ्याची बाजू व्याकरणदृष्ट्या भक्कम ठरते. लग्नसमारंभाच्या कार्यालयात वडीलधाऱ्यांच्या डोक्यावरचा रफार उडून भलत्याच अक्षरावर बसतो आणि वधूवरांना ‘आर्शिवाद’ मिळतात.

गिऱ्हाइकाला हे सगळे समजते का? बहुतेकांना समजत नाही. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम १९६२ साली शासनाने मान्य केले, १९७२ साली त्यांत आणखी चारांची भर पडली. या अठरांपैकी एखादा तरी नियम तोंडपाठ असलेले गिऱ्हाईक सापडणे कठीण. पण चूक न सापडताही संशय सापडू शकतो. पॅथॉलॉजी लॅबचे उदाहरण घ्यावे. अहवालात साखर, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन असे सगळे आकडे दशांश चिन्हासकट छापलेले असतात. ते आकडे बरोबर आहेत की चूक, हे तपासण्याचे कोणतेही साधन रोग्याजवळ नसते. त्याला तपासता येते ती एकच गोष्ट, स्वतःचे नाव. तिथे कुलकर्ण्यांचे ‘कुलकुर्णी’ झालेले आणि वय ७० ऐवजी ७ छापलेले दिसले, की रक्त आपलेच होते का, असा प्रश्न त्याच्या मनात येतो आणि तो काही केल्या जात नाही. यंत्र लाखो रुपयांचे असते, तपासणारा सुवर्णपदक विजेता असतो. पत घालवतो तो खिडकीत बसून नाव टाइप करणारा.

चुका नेमक्या कुठे जन्माला येतात हे पाहायचे तर फ्लेक्सच्या दुकानात तासभर उभे राहावे. इथे दर चौरस फुटावर असतो. फोटो, फुले, तुतारी, सोनेरी किनार आणि मजकूर, सगळे त्याच दरात. मजकुराचे पैसे वेगळे नसल्यामुळे त्याची काळजीही वेगळी घेतली जात नाही. मॅटर व्हॉट्सॲपवर येते: कधी पावतीच्या पाठीवर लिहिलेल्या चिठोऱ्याचा तिरपा फोटो, कधी मोटारसायकलवरून जाताना बोललेला आवाजी निरोप. ऑपरेटर ते जुन्या फाँटमध्ये टाइप करतो. मग फाइल दुसऱ्या संगणकावर उघडते. तिथे तो फाँट नसला तर अक्षरांची चटणी होते, आणि युनिकोडमधला मजकूर जुन्या कोरलमध्ये चिकटवला तर वेलांट्या आणि रफार आपापल्या जागा सोडून शेजारच्या घरी राहायला जातात. ऑपरेटर सवयीने त्यांना हाताला धरून परत आणतो. सगळेच परत येत नाहीत.

मग प्रूफ गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर जाते. ‘नीट चेक करा, नंतर तक्रार चालणार नाही,’ असे ऑपरेटर बजावतो. गिऱ्हाईक खरोखरच नीट चेक करते. आधी स्वतःचा फोटो, मग भागीदाराचा फोटो आपल्यापेक्षा मोठा तर नाही ना, मग मोबाइल नंबर, मग साहेबांचे नाव आमदारांच्या वर गेले की खाली. या क्रमात मजकुराची पाळी येईपर्यंत जेवायची वेळ होते. ‘फायनल का?’ ‘फायनल.’ दुसऱ्या दिवशी सकाळी पाटी चढते आणि ती समग्र वाचणारा पहिला माणूस समोरून फिरायला निघालेला निवृत्त मास्तर असतो. तो आत येऊन सांगतो. दुकानदाराला मास्तर आगाऊ वाटतो. चार दिवसांनी चुकीच्या अक्षरावर वेगळ्या लाल रंगाची चिकटपट्टी लागते, आणि जी चूक आजवर फक्त मास्तरला दिसत होती ती आता बसमधूनही दिसू लागते.

शुद्धलेखनाच्या बाबतीत महाराष्ट्रातला सर्वांत निर्दोष व्यापारी मजकूर पुण्यात सापडतो, आणि तो बहुधा गिऱ्हाइकाला परतवून लावण्यासाठी लिहिलेला असतो. पुणेरी पाटीवर वाक्य पूर्ण असते. कर्ता, कर्म, क्रियापद जागच्या जागी असतात. स्वल्पविराम मोजून दिलेले असतात. ‘चौकशी करण्यापूर्वी पाटी वाचावी. पाटी वाचल्यावर चौकशीचे कारण उरत नाही,’ अशा धर्तीच्या मजकुरात दुसरा अर्थ काढायला सुईच्या अग्राएवढीही जागा नसते. आलेला माणूस दुखावतो, पण मनातल्या मनात नोंदही करतो, की दोन ओळींत एक काना इकडचा तिकडे होऊ न देणारा माणूस तागडीतही काही इकडचे तिकडे होऊ देणार नाही. म्हणून तो दुसऱ्या दिवशी वेळेत येतो.

चितळे बंधू मिठाईवाले हे याचे सर्वश्रुत उदाहरण. १९५० पासून पुण्यात असलेले हे दुकान दुपारी एक ते चार बंद असे, आणि त्या तीन तासांवर महाराष्ट्राने जितके विनोद केले तितके बाकरवडीवरही केले नसतील. विनोद करणारे चार वाजता रांगेत असत. २०१७ साली दुकान दुपारीही उघडे ठेवायचे ठरले तेव्हा त्याची बातमी झाली. जगात बहुतेक दुकानदारांना बातमीत येण्यासाठी दुकान पेटावे लागते. दुकान बंद असण्याची वेळ इतक्या काटेकोरपणे सांगायची आणि पाळायची, की ती उघडण्याची बातमी व्हावी, हे जाहिरातीच्या कोणत्याही खर्चाने साधणारे काम नव्हे. ‘आमची कोठेही शाखा नाही’ हे अनेक पेढ्यांचे ब्रीदही याच जातीचे आहे. धंदा वाढलेला नाही ही गोष्ट अभिमानाने सांगता येते, याचा शोध व्यवस्थापनशास्त्राला अजून लागायचा आहे.

मुंबईत हे काम इराण्यांनी केले. धोबी तलावाच्या बस्तानी अँड कंपनीत काय काय करू नये याची यादी इतकी सविस्तर होती, की निसिम इझिकेल यांनी तिची इंग्रजी कविता केली. कवीला पदरचे फारसे काही घालावे लागले नाही. तिथेही चहा पिणाऱ्यांची गर्दी कमी झाली नाही. फरक एवढाच, की पुण्यातल्या पाटीला कारणमीमांसा असते, इराण्याच्या पाटीला नसते.

याच्या नेमके उलट टोक म्हणजे भिंतीवरचे सुविचार. गिऱ्हाईक आपल्यावर अवलंबून नसून आपण त्याच्यावर अवलंबून आहोत, अशा आशयाचा मजकूर महात्मा गांधींच्या चित्राखाली चौकटीत लावलेला कितीतरी बँकांत आणि कचेऱ्यांत आढळतो. गांधीजींच्या लिखाणात तो सापडत नाही. तशा ओळी १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या एका मोटार कंपनीच्या अधिकाऱ्याच्या नावावर छापलेल्या दिसतात. चौकट लावणाऱ्याने हे तपासलेले नसते, आणि खाली रांगेत उभे असलेल्या गिऱ्हाइकालाही त्याची गरज पडत नाही. चौकटीच्या बरोबर खाली बंद खिडकी असते आणि खिडकीवर ‘जेवणाची सुट्टी’.

पाटीनंतर पत्र. मराठीत पत्र नीट लिहिण्याची काळजी जुनी आहे. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला दिला आहे. अक्षर वाटोळे आणि मोकळे असावे, शाई काळी कुळकुळीत असावी, ओळीला ओळ लागू नये, कडेला जागा सोडावी, आणि पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत सगळे एकाच टाकाने लिहिल्यासारखे वाटावे, असे त्यात सांगितले आहे. मोक्षाच्या वाटेवर समासाची रुंदी लागते हे ओळखणारा हा माणूस आज कुठल्याही कंपनीत मोठ्या पगारावर राहिला असता. पुढे व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवरचा कागदपत्र मोडीत चाले. तो विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालला. कोणाला कोणता मायना लावायचा हे ठरलेले असे. थकबाकीच्या वसुलीचे पत्रसुद्धा ‘लोभ असावा’ असे म्हणून संपत असे, आणि देणेकऱ्याला लोभ आणि वसुली दोन्ही पोहोचत.

आजचा मराठी व्यावसायिक पत्र लिहायला बसला, की त्याच्या अंगात सरकार संचारते. त्याला कारण आहे. त्याने आयुष्यात जी मराठी पत्रे वाचलेली असतात ती शाळेच्या पुस्तकातली किंवा तहसील कचेरीतून आलेली. त्यामुळे मिक्सर जळाला म्हणून तक्रार करणाऱ्या गृहिणीला उत्तर जाते ते असे: ‘उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, आपल्या तक्रारीची दखल घेण्यात आली असून पुढील कार्यवाही यथावकाश करण्यात येईल.’ या वाक्यात कळवणारा कोणी नाही, दखल घेणारा कोणी नाही, कार्यवाही करणाराही कोणी नाही. सगळे आपोआप होत असते, मिक्सर सोडून. ‘आमचा माणूस गुरुवारी अकराच्या सुमारास येईल, मोटार आमच्या खर्चाने बदलून देईल’ हे लिहायला निम्मी शाई लागते. पण त्यात माणूस कबूल करावा लागतो आणि वारही.

‘आपल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व’ ही पाटीही याच घराण्यातली. कागदावर लिहिलेली असेल तर काम आठ दिवसांत संपण्याची आशा धरता येते. पत्र्यावर, ऑइल पेंटने रंगवून, चार बोल्टांनी घट्ट बसवलेली असेल, तर नागरिकांनी दुसरा रस्ता कायमचा पाठ करावा.

कारखानदारीत मजकुराचे वजन सर्वांत आधी ज्यांनी ओळखले त्यांत किर्लोस्करांचे नाव घ्यावे लागते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात, कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. माल होता लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि नांगर काही वड्यासारखा जागेवर चाखून पाहता येत नाही. त्याचा निकाल सुगीला लागतो. अशा मालाला शब्द लागतात. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. कारखान्याची आणि मालाची माहिती देणारे हे पत्रक. पण ते काढणाऱ्याला चित्रे काढता येत होती आणि वाक्य कुठे थांबवावे हेही कळत होते, त्यामुळे नांगर नको असलेले लोकही ते मागवू लागले. काही वर्षांत ‘खबर’ गळून ‘किर्लोस्कर’ हे मासिक झाले, जोडीला ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ आली, आणि मराठी मध्यमवर्गाच्या दोन-तीन पिढ्यांनी आपली मते त्यांतून घेतली. नांगराच्या कारखान्याने जमिनीबरोबर वाचकही नांगरले. आता अनेक कंपन्यांची गृहपत्रिका निघते, पण तिच्यात पहिल्या पानावर अध्यक्षांचा संदेश, दुसऱ्या पानावर अध्यक्षांचा दौरा आणि तिसऱ्या पानावर अध्यक्षांच्या हस्ते झालेले वृक्षारोपण असते. अध्यक्षांखेरीज तिचा वाचक म्हणजे रद्दीवाला, तोही वजनापुरता.

बिल्डरांचे माहितीपत्रक हा मजकुराचा सगळ्यात महाग प्रकार. कागद जाड आणि गुळगुळीत, चित्रात आकाश निळे, हिरवळीवर एक परदेशी कुटुंब फुगा घेऊन धावत असते. हे कुटुंब वाघोलीपासून बदलापूरपर्यंत सगळीकडे एकच असते. ‘स्टेशनपासून पाच मिनिटांच्या अंतरावर’ यातली मिनिटे कोणत्या वाहनाने, कोणत्या वारी आणि पहाटे किती वाजता मोजली याचा उल्लेख नसतो. ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ म्हणजे रस्ता अजून झालेला नाही. ‘वेगाने विकसित होणारा परिसर’ म्हणजे पाणीही नाही. गिऱ्हाईक हा शब्दकोश अनुभवाने शिकते आणि तोवर कर्जाचे चार हप्ते गेलेले असतात. स्थावर संपदा कायद्याने या वाङ्‌मयप्रकाराला जरा धाक बसवला. जाहिरातीतल्या खोट्या विधानावर विसंबून कोणाचे नुकसान झाले तर भरपाई द्यावी लागते, अशी त्यात तरतूद आहे. महारेराने ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातींत क्यूआर कोडही बंधनकारक केला. तेव्हापासून ‘चित्रे केवळ कल्पनेसाठी’ हे वाक्य जास्त निगुतीने लिहिले जाते. अख्ख्या पत्रकात शुद्धलेखनाची एकही चूक नसलेले वाक्य पुष्कळदा तेवढेच असते.

इथवर निष्काळजी मजकुराचा विचार झाला. पण अति गुळगुळीत मजकुराचेही एक दुखणे आहे. अखिल भारतीय कंपन्यांची मराठी बऱ्याचदा हिंदीतून उतरवलेली असते. त्यामुळे मराठी माणसाला ‘आजच संपर्क करा’ आणि ‘योजनेचा लाभ उचला’ असे सांगितले जाते. लाभ काही पोते नव्हे, पण उचलावा लागतो. आता यंत्रे मजकूर लिहून देऊ लागल्यापासून तर सगळ्यांचीच मराठी एकदम परीटघडीची झाली आहे. रंगाचे दुकान, आयुर्वेदिक दवाखाना आणि बोअरवेलवाला, तिघांचाही परिचय ‘आजच्या धावपळीच्या युगात’ पासून सुरू होतो आणि ‘गुणवत्ता, विश्वास आणि परंपरा’ यांवर येऊन टेकतो. यातल्या एकाचे दुकान गेल्या दसऱ्याला उघडलेले असते. वेलांटी चुकलेली नसते, पण आत कोणी राहते की नाही हे कळत नाही. अशा मजकुरापेक्षा ‘बोअरला पाणी लागले नाही तर निम्मेच पैसे’ ही खडूने लिहिलेली ओळ धंदा जास्त आणते.

बँकांची गोची आणखी वेगळी आहे. लबाडांच्या संदेशात भाषेच्या चुका असतात, तेव्हा अशुद्ध संदेशावर विश्वास ठेवू नका, असे ग्राहकांना वारंवार सांगितले जाते. ज्येष्ठ नागरिक ते मनावर घेतात. मग यंत्राने भाषांतर केलेला बँकेचा स्वतःचाच संदेश येतो: ‘प्रिय ग्राहक, आपले खाते जाणून घ्या प्रलंबित आहे.’ आजोबा तो काळजीपूर्वक वाचतात, चष्मा काढतात आणि संदेश पुसून टाकतात. खाते गोठते. चूक आजोबांची नसते.

लिहिताना झालेल्या चुकीने अब्रूऐवजी थेट कंपनीच जाण्याचेही उदाहरण आहे. वेल्समधल्या कार्डिफ शहरात टेलर अँड सन्स नावाची शंभरावर वर्षे जुनी अभियांत्रिकी कंपनी होती. २००९ साली टेलर अँड सन नावाची भलतीच एक कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि तिकडच्या कंपनी निबंधक कार्यालयाने नोंद करताना एक ‘स’ जास्त लावला. बातमी बाजारात पसरली, पुरवठादारांनी उधारी थांबवली, आणि धडधाकट कंपनी खरोखरच बुडाली. अडीचशे माणसांचा रोजगार गेला. नोंद नंतर सुधारली, पण गेलेली पत सुधारली नाही. २०१५ साली न्यायालयाने निबंधक कार्यालयालाच जबाबदार धरले. दावा ८८ लाख पौंडांचा होता. एका अक्षराला इतका भाव दुसऱ्या कुठल्या छापखान्यात मिळाला असेल असे वाटत नाही.

आपल्याकडे एवढे टोकाचे घडत नसले, तरी बिलाच्या तळाशी छापलेल्या ओळींतही बरेच काही असते. ‘एकदा विकलेला माल कोणत्याही परिस्थितीत परत घेतला जाणार नाही’ ही ओळ दुकानदार भक्तिभावाने छापतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत घ्यायला नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. म्हणजे दुकानदार स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या नावानिशी, प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातात स्वतःविरुद्धचा पुरावा देत असतो, तोही कार्बन कॉपीसह. त्याच बिलाच्या कोपऱ्यात ‘चू. भू. द्या. घ्या.’ असते. मराठी व्यापाराने निर्माण केलेला हा सर्वोत्तम मजकूर म्हणायला हरकत नाही. जास्त लागले तर परत देऊ, कमी लागले तर मागून घेऊ, असा दोन्ही बाजूंना सारखा बांधणारा करार चार अक्षरांत उरकलेला आहे. दुर्दैवाने त्यातल्या ‘घ्या’ चा अनुभव गिऱ्हाइकाला जास्त येतो.

सर्वांत लांबणीवरची परीक्षा विम्याची, त्यामुळे मुख्य नियमाप्रमाणे तिथला मजकूर सर्वांत नितळ असायला हवा. प्रत्यक्षात तो सर्वांत बारीक असतो. तरुणपणी काढलेले अति बारीक अक्षर म्हातारपणी कामाला येत नाही, तेव्हा अक्षर मध्यम असावे, असेही समर्थांनी त्याच समासात सांगून ठेवले आहे. पॉलिसी तिशीत घेतली जाते आणि सत्तरीत वाचली जाते, हे ध्यानात घेतले तर विमा उद्योगासाठी याहून नेमकी सूचना दुसरी नाही. आता विमा नियामकाने १ जानेवारी २०२४ पासून आरोग्य विम्यासोबत सोप्या भाषेतले माहितीपत्रक सुधारित स्वरूपात देणे लागू केले आहे. काय मिळेल, काय मिळणार नाही, थांबण्याचा काळ किती, तक्रार कुठे करायची, हे त्यात असावे लागते, आणि मागितल्यास ते स्थानिक भाषेतही द्यावे लागते. एजंट याला नकार देत नाही. मराठीतले पत्रक नक्की मिळेल, मागवावे लागेल, आठ-पंधरा दिवस लागतील, असे तो अतिशय अदबीने सांगतो. तोवर इंग्रजीतल्यावर इथे, इथे आणि मागच्या पानावर इथे सही करून ठेवावी.